टाय रॉडला हात शेवटी

महाड-पोलादपूर पट्ट्यात गाडीचा पुढचा भाग लवकर ढिला होतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दशकभराहून जास्त रेंगाळलं, त्या काळातले खड्डे आणि वळणरस्ते गाड्यांनी सोसले. पोलादपुरातून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट आहे, बिरवाडीवरून भोरकडे जाणारा वरंधा घाट आहे, वाड्यावस्त्यांवर उतरणारे अरुंद, मोऱ्यामोऱ्यांचे रस्ते आहेत, आणि या सगळ्यावर चार महिन्यांचा पाऊस. म्हणून गणपतीच्या तोंडावर लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, शॉकअप, माउंटिंग असा अख्खा सेट बदलायला गाड्यांची रांग लागते.

सेट बदलणं अवघड नाही. खरी परीक्षा त्यानंतर असते. सगळे पार्ट नवे, तरी गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर आतून खातो. अशा वेळी पहिला पाना टाय रॉडवर पडतो, कारण तिथे दोन लॉक नट सोडले की कोन हातात येतो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. टो, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत-बाहेर वळली आहेत, हा सहज फिरणारा कोन आहे, म्हणूनच बाकीचे सगळे दोष त्याच्याखाली दडपता येतात. ते दडपले जाऊ नयेत यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. गाडी ओढते म्हणजे कधी ओढते, हे आधी विचारा.

नुसता टो चुकला तर गाडी सहसा ओढत नाही. चालू गाडीत दोन्ही पुढची चाकं ती चूक आपसात वाटून घेतात, स्टिअरिंग तिरकं दिसतं आणि टायर झिजतात. गाडी सतत एका बाजूला जात असेल तर टायर, कॅम्बर (चाकाचा आडवा कल), कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) किंवा अडकलेला ब्रेक बघायचा. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर कॅलिपर किंवा लोअर आर्मचा बुश. ॲक्सिलरेटर दाबताना एकीकडे आणि सोडताना दुसरीकडे जात असेल तर आर्म किंवा सबफ्रेमचा बोल्ट ढिला असण्याची शक्यता मोठी. वळण घेतल्यावर त्याच बाजूला रेंगाळत असेल, तर कुठलातरी सांधा घट्ट झालाय.

आमच्याकडे हे तपासायला आंबेनळीसारखी जागा नाही. चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरचा भार, उतरताना ब्रेकचा, आणि मधे डावी-उजवी वळणं. अर्ध्या तासात गाडी तिचं सगळं दुखणं सांगते. ऐकणाऱ्याने फक्त गाणी बंद ठेवायची.

२. रस्त्याचा उतार गाडीच्या माथी मारू नका.

आपण डावीकडून चालतो आणि पाणी निघून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. त्यामुळे चांगली गाडीही स्टिअरिंग सैल धरलं की हळूहळू डावीकडे सरकते. सुट्टीच्या दिवशी, रहदारी नसताना, एमआयडीसीतल्या सपाट रस्त्याच्या मधोमध चालवून बघा. तिथे सरळ गेली तर गाडीला काही झालेलं नाही.

३. हवा भरा, मग पुढचे टायर डावे-उजवे बदला.

ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. रेडियल टायरच्या आतली रचना किंचित तिरकी झाली की तो स्वतःच गाडी ओढतो, बाहेरून काही दिसत नाही. एकाच दिशेने फिरवायची खूण असलेल्या टायरना हा उपाय चालत नाही, तिथे दुसरी जोडी लावून बघावी.

४. पुरातून निघालेल्या गाडीचे ब्रेक पहिले उघडा.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे कितीतरी काळ गॅरेजमध्ये येत राहिल्या. इंजिन आणि वायरिंगकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. कॅलिपरच्या सरकत्या पिनांकडे आणि हबच्या बेअरिंगकडे कमी गेलं. गाळ बारीक असतो, रबरी टोपीच्या आत जातो, ग्रीस धुऊन काढतो आणि गंज मागे ठेवतो. मग कधीतरी पुढचा सेट बदलला जातो, गाडी डावीकडे ओढते आणि दोष नव्या पार्टांवर जातो.

तपासणी सोपी आहे. ब्रेक न वापरता काही अंतर चालवा, थांबा, आणि दोन्ही रिमांजवळ हात न्या. एक बाजू जास्त तापलेली असेल तर चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. अडकलेला ब्रेक मोकळा केल्याशिवाय सस्पेन्शनबद्दल एक शब्दही बोलू नये.

५. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळा.

पुढचा भाग नव्याने बांधल्यावर जे बिघडतं, त्यात मी याला सगळ्यात वरचं स्थान देतो.

लोअर आर्मचा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि मधे चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते आणि आतली नळी बोल्ट आवळला की चेसिसला पक्की होते. आर्म वर-खाली होतो तो फक्त रबराच्या पिळावर, बुश बोल्टभोवती फिरत नाही. गाडी जॅकवर असताना चाक लोंबतं, आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर रबराची मोकळी जागा तीच ठरते. गाडी खाली घेतली की आर्म वर येतो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी हवी त्यापेक्षा उंच बसते, दोन बाजू कमी-जास्त आवळल्या असतील तर एका बाजूला झुकते, आणि रबर काही महिन्यांत चिरतं. त्या उंचीवर काढलेला प्रत्येक कोन खोटा असतो.

मी बोल्ट हाताने घट्ट होतील एवढेच लावतो. चाकं बसवून गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेतो, बॉनेट दाबून हलवतो, थोडी पुढे-मागे करतो आणि मग टॉर्क पान्याने शेवटचा आवळा देतो. रॅम्प नसेल तर लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ, जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणायचं आणि तिथे आवळायचं. पाच मिनिटं जास्त जातात, पण बुशचं आयुष्य त्यावर ठरतं.

६. दोन्ही बाजूंची उंची मोजा.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. दोन्ही बाजूंत सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर मी पुढे जात नाही. बहुतेक वेळा स्प्रिंगचं टोक तिच्या बैठकीतल्या खाचेत बसलेलं नसतं. नव्या स्प्रिंगने गाडी मुळातच थोडी उचलली जाते, त्याने कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात. म्हणून स्प्रिंग बदलल्यावर जुने आकडे कामाचे नसतात.

७. वळण लक्षात ठेवणारी गाडी अलाइनमेंट मशीनला सापडत नाही.

पोलादपूरकडच्या एका चालकाने वॅगनआर आणली होती. शहरातल्या एका गॅरेजमध्ये पुढचा सगळा सेट बदललेला. “भाऊ, कागद सगळा हिरवा आहे, पण गाडी माझं ऐकत नाही,” असं म्हणाला. अलाइनमेंटचा कागद खराच होता. कॅम्बर, टो मर्यादेत, डावं-उजवं जवळपास सारखं. पण घाटात उजवं वळण घेतलं की गाडी उजवीकडे रेंगाळायची, डावं घेतलं की डावीकडे. स्टिअरिंग मधोमध परत येत नव्हतं.

बॉनेट उघडलं, त्याला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगितलं आणि मी चाकाच्या वर हात घालून स्प्रिंगवर बोट ठेवलं. डावी स्प्रिंग चाकाबरोबर सुरळीत फिरत होती. उजवी आधी जागेवरच थांबायची, मग टणकन उडी मारून पुढे जायची. स्ट्रट उतरवला. वरचं रबरी माउंटिंग नवं होतं आणि त्याखालचं बेअरिंग जुनंच. उघडलं तर ग्रीसच्या जागी तपकिरी कोरडी भुकटी, गोळ्या निस्तेज आणि दोन तर जागेवर चिकटलेल्या. बेअरिंग अडकलं की स्प्रिंग वळते आणि स्टिअरिंगला मागे ढकलते किंवा धरून ठेवते. मशीन गाडी सरळ उभी करून मोजतं, त्याला हा दोष दिसणारच नाही. त्या जागी टो फिरवत बसलं असतं तर फक्त टायर गेले असते.

नवा शॉकअप लावताना बेअरिंग जुनं ठेवू नका. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड फार घट्ट असेल तरी हीच खोड येते, म्हणून तेही मोकळे करून हाताने हलवून बघा.

८. कॅम्बर बसवायची संधी एकदाच मिळते.

स्ट्रट आणि नकल जोडणारे दोन बोल्ट भोकांत किंचित सैल असतात. ते आवळताना नकल आत ढकललेला आहे की बाहेर ओढलेला, यावर कॅम्बर ठरतो. १४ इंची रिमवर १ अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत ६ मिलिमीटरचा फरक. ओळंबा लावला तर उघड्या डोळ्यांनी दिसतो. मी दोन्ही बाजूंना नकल एकाच दिशेने ढकलून आवळतो. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह, त्या बाजूला ओढते, आणि कॅस्टर ज्या बाजूला कमी, त्या बाजूला. कॅस्टर बिघडला असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक आला की सबफ्रेम सरकलेली असते, नाहीतर आर्म वाकलेला.

९. टो मोजायला तंगूस पुरते.

इथवर सगळं स्वच्छ निघालं की मगच टाय रॉड. सपाट फरशीवर गाडी उभी करा, पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन गुळगुळीत फरशा ठेवा म्हणजे चाकं मोकळी सरकतील, आणि स्टिअरिंग मधोमध बांधा. हबच्या उंचीला दोन्ही बाजूंनी तंगूस ताणा. पुढच्या दोन्ही हबांपासून तिचं अंतर सारखं, मागच्या दोन्हींपासून सारखं, आणि दोन तंगुसांमधलं अंतर पुढे-मागे एकच. हे जुळायला वेळ लागतो, तो द्यावा. मग रिमची पुढची कडा आणि मागची कडा तंगूसपासून मोजा. पुढचं अंतर जास्त असेल तर टो-इन. रिम वाकडी असेल म्हणून खडूने खूण करून चाक अर्धा फेरा फिरवायचं आणि पुन्हा मोजायचं.

छोट्या गाड्यांत टो शून्याच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला धरावा. एवढी काटेकोरी कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हिशेब देतो. १४ इंची रिमवर, म्हणजे ३५६ मिलिमीटरवर, एकूण टो ३ मिलिमीटर चुकला तर प्रत्येक चाक दीड मिलिमीटर तिरकं असतं. किलोमीटरमागे ते ४ मीटर आडवं घासत जातं. महाड ते पोलादपूर एवढ्याच प्रवासात ८० मीटरच्या आसपास!

मागच्या चाकांची मापंही घ्या. मागचा ॲक्सल तिरका असेल तर गाडी तिरकी चालते, आणि पुढे कितीही टो फिरवला तरी स्टिअरिंग सरळ येत नाही. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा आणि बाहेर दिसणारे आटे मोजून ठेवा. एका बाजूचे आटे दुसरीपेक्षा खूप जास्त बाहेर असतील, तर कुठेतरी काहीतरी वाकलेलं आहे.

१०. मशीनला विरोध नाही.

थ्री-डी मशीन माझ्या तंगूसपेक्षा अचूक आहे. फक्त कागदावरचा हिरवा रंग बघून थांबू नका. मर्यादा रुंद असते. डावा कॅम्बर तिच्या एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला असेल तरी दोन्ही हिरवे दिसतात, आणि गाडी ओढते. दोन बाजूंतला फरक अर्ध्या अंशाच्या पुढे असेल तर मी तो दोषच मानतो. मशीनवर जाण्याआधी हवा भरलेली असावी, डिकीतलं सामान उतरवलेलं असावं, आणि जॅकवरून उतरल्यावर गाडी थोडी चाललेली असावी. जॅकवरून नुकत्या उतरलेल्या गाडीची चाकं आत दबलेली असतात, तिथे मोजलेला टो खरा नसतो.

११. पाचेकशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा.

नवे बुश बसतात, स्प्रिंग थोडी दबते. लॉक नट, बॉल जॉइंटचा बोल्ट आणि स्ट्रटचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावीकडे-उजवीकडे धरून लागला तर टाय रॉड. शेवटी टायरवर आडवा तळहात फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. दोन्हीकडे सारखं लागलं तर काम बसलं. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर टोचत असेल तर टो-इन जास्त आहे, उलट असेल तर टो-आउट. रबराच्या त्या कडा उठायला थोडंच अंतर लागतं आणि टायर त्या वेळी जवळजवळ नवाच असतो, म्हणजे तो वाचवता येतो.