काड उचलावं, माती सोडावी

पोरांनो, ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की चार गावं पालथी घालता, चार जणांना विचारता. दाताळं मात्र दुकानदार पुढं करील ते उचलून आणता. मग बेलरवाला कुरकुरतो आणि जनावर गव्हाणीत नाक मुरडतं. गव्हाचं काड असो की सोयाबीनचं, कसोटी एकच: काड वर यावं, माती खाली राहावी. खालच्या साऱ्या गोष्टी त्याच एका कसोटीच्या आहेत.

आधी गरज बघा. दोन-चार एकरांत गहू, तोही साऱ्यांत पेरलेला, तर बांबूच्या दांड्याचं हातदाताळं पुरतं. दांडा हनुवटीपर्यंत यावा, म्हणजे कंबर वाकत नाही. पाच-दहा एकरांसाठीही ट्रॅक्टरचं दाताळं विकत घेऊ नका. बेलरवाल्याकडचं नाहीतर अवजार बँकेतलं भाड्यानं आणा. घ्यायचंच ठरलं, तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमतीची वाट बघा. आधी बिल फाडलं की अनुदान हुकलं.

जमीन बघून प्रकार निवडा. चाकांच्या दाताळ्याला पीटीओ लागत नाही. जमिनीला टेकून चाकं आपोआप फिरतात. किंमत कमी, दुरुस्ती सोपी. सपाट जमिनीत ते झकास चालतं. पण मुरमाड रानात तेच दाताळं काडाबरोबर खडेही ओळीत आणून टाकतं, आणि खडा बेलरमध्ये गेला की खर्च निघालाच. तिथं पीटीओवर फिरणारं रोटरी दाताळं बरं. ते काड अलगद सरकवतं, ओळ भुसभुशीत ठेवतं. मात्र त्याचा गिअरबॉक्स तेल मागतो आणि ते महागही पडतं. दोन्हींतलं कुठलंही घेण्याआधी एक विचारा: याचे स्प्रिंगचे दात तालुक्याला मिळतात का? नसतील मिळत, तर स्वस्त दाताळंही महागात जातं.

हार्वेस्टरवाल्याशी आधीच बोला. काड गोळा करायचं असेल तर मागचं पसरणारं किंवा बारीक करणारं यंत्र बंद ठेवायला सांगा. बारीक झालेला भुसा कुठलंच दाताळं धड ओढत नाही. कापणी किती खाली घ्यायची तेही तेव्हाच ठरवा. उंच धसकट राहिलं की निम्मं काड त्यात अडकून बसतं.

दातांची उंची सपाट जागेवर लावा. टोकं धसकटात शिरावीत, जमीन ओरखडू नयेत. वीस-तीस पावलं चालवून थांबा, मागं जाऊन ओळीत हात घाला. हाताला धूळ आणि ढेकळं लागली तर दाताळं वर घ्या. चाकांच्या दाताळ्यात चाकांवरचा भारही कमी करून बघा. मार्चमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात, दात त्यांत अडकून मोडतात. तिथं वेग कमी. साऱ्यांचे वरंबे असतील तर त्यांच्या लांबीनंच चाला, आडवं गेलात की एका बाजूचे दात माती उकरतात आणि दुसरीकडचे हवेत फिरतात. वळताना दाताळं उचला, हे वेगळं सांगायला नको.

ओळ बेलरच्या मापाची करा. उचलणीच्या तोंडापेक्षा ती रुंद नको. गोल गाठी बांधणार असाल तर ओळ दोन्ही कडांना भरलेली हवी. मध्ये फुगलेली आणि कडांना विरळ ओळ दिली की गाठ पिंपासारखी पोट सुटलेली निघते, आणि रचताना घसरते.

वेळ साधा. मूठभर काड पिळून बघा. कडकन मोडलं तर बांधायला तयार; चामड्यासारखं वाकलं तर अजून ऊन खाऊ द्या. पंधरा टक्क्यांच्या वर ओल राहिली तर गाठ आतून तापते, बुरशी धरते. सोयाबीनच्या काडात शेंगांची टरफलं असतात, ती भर उन्हात झडतात. ते काड सकाळच्या दमट हवेत ओळीत घ्या, पण गाठ ऊन चढल्यावरच बांधा.

सगळंच उचलू नका. एक टन गव्हाच्या काडाबरोबर साधारण पाच किलो नत्र आणि त्याच्या दुपटीच्या आसपास पालाश शेताबाहेर जातं. जनावरांपुरतं घ्या, उरलेलं रानातच राहू द्या. ते गाडताना एकरी थोडा युरिया टाका, नाहीतर काड कुजवणारे जिवाणू पुढच्या पिकाच्या वाट्याचं नत्र खातात. काडी लावून पेटवणं हा मार्ग नव्हे.

आणि शेवटची गोष्ट, सगळ्यांत मोठी. रानात जाताना दाताळ्याचे दात मोजा, परत आल्यावर पुन्हा मोजा. एक कमी भरला तर गाठी बांधण्याआधी तो शोधा. ओळीत पडलेला पोलादी दात कुट्टी यंत्राचं पातं तोडतो. तुकडा झाला तर वैरणीबरोबर गाईच्या पोटात जातो, तिथून काळजापर्यंत टोचत जातो. भाड्याचं दाताळं असेल तर मालकासमोरच मोजून घ्या आणि मोजून द्या. मोजायला दोन मिनिटं लागतात, पण दावणीचं जनावर वाचतं.