जीर्ण कटिशूल व संधिशूल : औषधविरहित सामूहिक उपक्रमाचा विचार

कापसाची वेचणी सुरू झाली की तिवसा परिसरातील औषधी दुकानांत सायंकाळी एकच मागणी ऐकू येते, ‘कंबरेची गोळी द्या.’ कमरेला झोळी बांधून दिवसभर वाकणाऱ्या मजूर भगिनी वेदनाशामक घेतात आणि उजाडताच पुन्हा शेतात जातात. जठरव्रण व वृक्कदुष्टी यांचे भय वाढते. हेतू मात्र तसाच राहतो.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेली वेदना जीर्ण मानतात. तेथे केवळ द्रव्याने भागत नाही, हे आपल्या शास्त्रास नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, अद्रव्यभूत भेषजात हर्षण, विस्मारण, निद्रा व संवाहन यांची गणना आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण कटिशूलासाठी रुग्णशिक्षण व व्यायाम यांची शिफारस केली. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी तर संधिरोग्यांचे गट प्रशिक्षित सामान्य माणसांकडूनच चालवून घेतले.

आमची पहिली चूक वेळेची होती. सकाळी अकराची बैठक ठेवली. चार वृद्धा आल्या. रोजी बुडवून कोण येणार? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापिलेले मोझरीचे गुरुकुंज याच तालुक्यात आहे आणि सामुदायिक प्रार्थनेची रीत गावांत रुजलेली आहे. सायंप्रार्थनेनंतरचा अर्धा तास आम्ही मागून घेतला व बैठक स्थिरावली. (व्याख्यान टाळले, हेही कारण असावे.)

बैठकीत प्रथम प्रत्येकीने कोणत्या कामाने दुखते ते सांगावे. नंतर दीर्घ श्वसन, आणि कटी व जानु यांच्या मंद हालचाली, त्याही अर्धशक्तीनेच. शेवटी उद्याच्या कामाचा विचार. झोळी अर्धी भरताच रिकामी करा, असे आम्ही सुचविले. मजुरी किलोवर असल्याने फेऱ्या परवडत नाहीत, हे त्यांनी लक्षात आणून दिले. मग गाठोडे धुऱ्यावर न ठेवता ओळीच्या मध्यावर ठेवावे, हा तोडगा त्यांच्यातीलच एकीने काढला. आम्हांस तो सुचला नसता.

वेदना नाहीशी झाली असे आम्ही म्हणत नाही. झोप सुधारली, गोळीवाचूनचे दिवस वाढले, एवढे त्या सांगतात.

ज्वर, वजन घटणे, पायांत बलक्षय, मूत्रावरोध वा मूत्रावरील ताबा सुटणे, सांध्यांना सूज असल्यास गटात न बसविता आधी रुग्णालयात तपासणी करवावी. औषधी दुकानदारांस एकच विनंती : तीच व्यक्ती आठवड्यात दुसऱ्यांदा वेदनाशामक मागू लागली, तर शौचाचा वर्ण काळा आहे काय, हे विचारावे. तसे असल्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे; नसल्यास बैठकीचा वार व जागा सांगावी.