एकच चेंडू, वेगळा पेला



परंडा तालुक्यातील आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळी कपबशी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. पण देशातील पहिल्या थोर गोलंदाजाच्या वाट्यालाही तीच वेगळी कपबशी आली होती, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. म्हणून या पाठात पालवणकर बाळू यांचे चरित्र पाहू.

बाळूंचा जन्म चर्मकार समाजात, 1875-76 च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. वडील फौजेत नोकरीला होते. पुण्यात पारशी लोकांच्या क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना 3 रुपये. पुढे ते इंग्रजांच्या पूना क्लबात लागले. तेथे ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज फलंदाज सरावासाठी त्यांना तासन्‌तास चेंडू टाकायला लावत. अशा अखंड मेहनतीतून हा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

पुण्याच्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहाची वेळ झाली, की बाळूंना मात्र बाहेर उभे करून फेकून द्यायच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. बळी हवे होते, बळी घेणारा माणूस नको होता.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी एकट्याने 114 बळी घेतले. परत आल्यावर त्यांचे सत्कार झाले, हारतुरे मिळाले. कर्णधारपद मात्र मिळाले नाही. वर्षामागून वर्षे त्यांच्यापेक्षा कमी योग्यतेचे स्पृश्य खेळाडू कर्णधार होत राहिले.

1920 साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी आम्हीही खेळणार नाही, असे जाहीर करून माघार घेतली. दोघेही संघाचे भरवशाचे फलंदाज होते. निवड करणाऱ्यांना नमावे लागले. बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी संघ जिंकला. कर्तबगारीने जे वीस वर्षांत झाले नाही, ते भावांच्या एकजुटीने आणि स्वाभिमानाने तीन वर्षांत झाले.

अमेरिकेतही असेच घडले. तेथील लोकप्रिय खेळ बेसबॉल. त्याच्या मोठ्या संघांची दारे कित्येक दशके काळ्या माणसाला बंद होती. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून मैदानात उतरले. शिवीगाळ आणि धमक्या सोसून ते खेळत राहिले. 1997 साली त्यांचा 42 हा क्रमांक सर्व मोठ्या संघांनी त्यांच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला. वर्ण असो वा जात, अपमानाची रीत एकच.

आता एक अवघड गोष्ट. राजकारणात बाळू परमपूज्य बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला गेले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब विजयी झाले. मग बाळूंना आपण आठवावे का? अवश्य आठवावे. मतभेद होता म्हणून माणसाचे कष्ट पुसून टाकणे हा सम्यक दृष्टीचा मार्ग नव्हे. पण त्यांच्या जीवनाचा धडाही नीट ओळखावा. एका माणसाने नाव कमावले, म्हणून त्याच्या समाजाच्या पायातील बेडी तुटत नाही. बाळूंचे निधन 4 जुलै 1955 रोजी झाले. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी नागपूरला लाखोंना दीक्षा दिली. ती एकट्यादुकट्याला वर काढणारी वाट नव्हती; सर्व माणसे समान मानणाऱ्या धम्माची, सर्वांनी मिळून चालायची वाट होती.

माणूस जन्माने नीच किंवा श्रेष्ठ होत नाही, कर्माने होतो, हे भगवान बुद्धांनी सांगितले. ते मुलांना शिकवताना आपले घरही तपासावे. चर्मकार, मातंग किंवा अन्य समाजाचा पाहुणा आला, तर त्याच्यासाठी आपला पेला तोच असतो ना? दीक्षा घेतलेल्या घरात वेगळा पेला राहिला, तर दीक्षा अपुरी राहिली.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न :
1. बाळूंचा चेंडू चालला, पण पेला का चालला नाही?
2. विठ्ठल आणि शिवराम यांनी माघार घेतली नसती, तर काय झाले असते?
3. आपल्या वस्तीत समतेसाठी आपण कोणते एक काम या पंधरवड्यात करू?

जयभीम! नमो बुद्धाय!