फाइल पाठवण्याआधी

मिरज

चि. बाळ,


तुझी अमेरिकेच्या ग्रीन कार्डची फाइल वाचली. बेंगळुरूच्या त्या एजंटाने बायोडेटाला असा मुलामा चढवलाय की मलाच माझी भाची ओळखू येईना.

ईबी-वन-ए चा, म्हणजे असामान्य कर्तृत्वाच्या लोकांसाठी ठेवलेल्या वर्गाचा, मोह का पडतो ते कळतं. त्यात नोकरी देणारा मालक लागत नाही, आपला अर्ज आपणच करता येतो. नर्सचा नेहमीचा रस्ता ईबी-थ्रीचा, म्हणजे मालकामार्फत जाण्याचा. नर्सिंग ‘शेड्यूल ए’ या सवलतीच्या यादीत असल्याने हॉस्पिटलची लेबर सर्टिफिकेटची लांबलचक खटपट वाचते खरी, पण दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे आणि त्यापायी भारतीयांची रांग दहा वर्षांपलीकडे गेली आहे. ईबी-वनलाही रांग आहेच, मात्र बरीच आखूड.

ईबी-वन-ए च्या नियमांत १० कसोट्या दिल्यात, त्यांतल्या ३ तरी पुऱ्या झाल्या पाहिजेत. तीन जमल्या की काम झालं, असं एजंट सांगतो. ते अर्धंच खरं. त्यानंतर इमिग्रेशन अधिकारी सगळी फाइल एकत्र तोलतो : ही बाई तिच्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्या लोकांत बसते का, आणि तिचं नाव टिकून आहे का? २०१० च्या कझारियन खटल्यापासून ही दुसरी पायरी रूढ झाली. बहुतेकांचं पाऊल तिथेच घसरतं.

टीएनएआयचं, म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाचं, सभासदत्व फाइलमधून काढ. १९०८ पासूनची आपली संस्था, मलाही तिचा अभिमान आहे. पण रजिस्टर्ड नर्सला ते फी भरून मिळतं, आणि कसोटीला हवं ते कर्तृत्व पारखून दिलेलं. ‘बेस्ट नर्स’ची ट्रॉफी तुझ्याच हॉस्पिटलची, ती शोकेसमध्येच शोभते. केंद्र सरकार १९७३ पासून राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार देतं, त्याला वजन आहे. २०२४ मध्ये तुमच्या बेंगळुरूतच नर्सेससाठीचा ॲस्टर गार्डियन्सचा अडीच लाख डॉलरचा पुरस्कार फिलिपिन्सच्या मारिया व्हिक्टोरिया ह्वान यांना दिला गेला. पुरस्कार म्हणतात तो असा. पैसे भरून मिळणारं ‘ग्लोबल’ मानपत्र एजंट सुचवतोय, त्याने कसोटी तर पुरी होणार नाहीच, उलट बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येईल.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या नर्स अंजली कुलथे आठव. २६/११ च्या हल्ल्याच्या रात्री त्यांनी २० गरोदर बायांना सांभाळलं, पुढे दहशतवादी कसाबला ओळखून साक्ष दिली, २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. त्यांच्याविषयी देशभर छापून आलं, म्हणजे एक कसोटी सहज पुरी झाली असती. पण एका रात्रीचं धैर्य आणि व्यवसायात वर्षानुवर्षं कमावलेलं नाव यांना हा कायदा वेगवेगळ्या खणांत ठेवतो. मला ते पटत नाही. कायदा मला विचारून झालेला नाही.

तुझ्याकडे खरा ऐवज एकच आहे, आणि तोच एजंटाने शेवटच्या पानावर ढकललाय : आयसीयूत सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, संसर्गावर तू बसवलेली पद्धत. त्यातली चेकलिस्ट तुझी नाही, हे आधी मान्य कर. तेव्हा जॉन्स हॉपकिन्समध्ये असलेल्या पीटर प्रोनोव्होस्ट यांचा मिशिगनमधल्या आयसीयूंवरचा अभ्यास २००६ मध्येच छापून आला, आणि अधिकाऱ्याला तो शोधायला दोन मिनिटं पुरतील. तुझं नवं एवढंच, की नाइटच्या हँडओव्हरला सिस्टरनेच डॉक्टरांना ‘ही लाइन आज काढायची का?’ असं विचारायचं आणि उत्तर कारणासकट लिहून ठेवायचं. छोटी गोष्ट आहे, पण तुझी आहे. आता तिचे पुरावे जमव. आधीचे आणि नंतरचे संसर्ग, हजार लाइन-दिवसांमागे किती, तेही इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या इतिवृत्तातून. तुझ्या वहीतले नकोत. मग दुसऱ्या हॉस्पिटलांनी ती पद्धत उचलली पाहिजे आणि तसं परिपत्रक निघालं पाहिजे. तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या नियतकालिकात लेख येऊ दे, इतरांनी त्याचा आधार घेऊ दे. याला वेळ लागणारच.

शिफारसपत्रांपैकी माझं काढून टाक. आत्याच्या कौतुकाला तिथे काय किंमत! ‘कष्टाळू, हसतमुख, वक्तशीर’ हे सगळ्याच पत्रांत असतं. बेंगळुरूत शिकवत होते तेव्हा तशी पत्रं मीही ढिगाने लिहिली. तुला पत्र हवं ते तुला न ओळखणाऱ्या एखाद्या मेट्रनचं : आम्ही हिची पद्धत अमुक महिन्यापासून वापरतो, आमच्याकडे हे हे बदललं. इतरांच्या कामाचं परीक्षण करणं हीही एक कसोटी आहे; परीक्षक म्हणून कुठे बोलावणं आलं असेल तर निमंत्रण पुरत नाही, प्रत्यक्ष तपासल्याचा कागद जप.

आणि वर्ग कुठलाही असो, नर्स म्हणून जायचं तर व्हिसास्क्रीनचं, म्हणजे शिक्षण-परवाना तपासणीचं, प्रमाणपत्र चुकत नाही, आणि नोकरी करायची तर एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षाही चुकत नाही. परीक्षेचं केंद्र बेंगळुरूतच आहे. ती आधी दे. चांगला हॉस्पिटलवाला भेटला तर ईबी-थ्रीच्या रांगेत नंबर लावून ठेव. पुढे ईबी-वनचा अर्ज करायला त्याची आडकाठी नाही.

या वर्षी ही फाइल पाठवू नकोस. एजंटाला पैसे दिले नसशील तर देऊ नकोस, दिले असशील तर पावती आणि करारनामा मला पाठव.

तुझी,
आत्या