बिननावाच्या भागाचा ड्रायव्हर

मंडळी, आपल्या देहूरोडला लष्कराचे मोठे भांडार आहे. अशा भांडारात वस्तू नुसत्या नावावर मिळत नाही, तिचा क्रमांक सांगावा लागतो. संगणकाच्या सुट्या भागांचेही तसेच आहे. ते कसे, हे आज पाहू.

समजा, बचत गटाने पै-पै जमवून संगणक घेतला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून तो जोडला. एका भागावर कुणाचे नावच नाही. संगणक सुरू झाला, पण आवाज येईना. कुणी म्हणाले, "भाग गेला, नवा घ्या." थांबा! पैसे काढण्याआधी ड्रायव्हर आहे का ते पाहा.

हा ड्रायव्हर म्हणजे मोटार हाकणारा नव्हे, बरं का. तो एक प्रोग्राम असतो. संगणक आणि भाग यांच्यामधला तो दुभाषा. दुभाषा नसला, की दोघे शेजारी बसूनही मुके.

आता तो शोधायचा कसा?

१. संगणकाला इंटरनेट जोडा. विंडोज पुष्कळदा आपणहून ड्रायव्हर आणते. थोडा वेळ द्या.

२. तेवढ्याने भागले नाही, तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. ज्या भागाचे अडले आहे, त्याच्यावर पिवळी खूण दिसते. त्यावर माउसचे उजवे बटण दाबा. 'प्रॉपर्टीज', मग 'डीटेल्स', मग 'हार्डवेअर आयडीज' निवडा.

३. तिथे चार-चार खुणांचे दोन क्रमांक असतात. त्यांत ० ते ९ आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे येतात. पहिला क्रमांक बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. ८०८६ म्हणजे इंटेल. या कंपनीने १९७८ साली याच आकड्याची प्रसिद्ध चिप काढली होती. १०ईसी म्हणजे रिअलटेक. वर नाव नसले तरी आतली चिप कुणाची, ते असे कळते.

४. दोन्ही क्रमांक कागदावर उतरवा. चिपच्या कंपनीच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर शोधा. इंटरनेटचाच भाग अडला असेल, तर दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हमध्ये आणा.

यूएसबीने जोडलेल्या वस्तूच्या पहिल्या क्रमांकात चारही शून्ये दिसली, तर ड्रायव्हर शोधू नका. संगणकाला ती वस्तू वाचताच आलेली नाही. केबल बदलून पाहा, दुसऱ्या जागी जोडून पाहा. तरीही शून्येच आली, तर वस्तूच बिघडलेली असण्याचा संभव आहे.

आम्ही एक गोष्ट बजावून सांगतो. 'सगळे ड्रायव्हर एकदम फुकट' अशा जाहिराती दिसतील. त्यांना भुलू नका. पाहुण्याला आपण ओसरीवर बसवतो, पण ड्रायव्हर थेट माजघरात शिरतो. तो खोटा निघाला, तर गटाच्या बँक खात्याचा पासवर्डही चोरीला जाईल. म्हणून परक्याचा ड्रायव्हर घरात घेऊ नये.

लिनक्स नावाची फुकट प्रणालीही आहे. तिच्यात पुष्कळ ड्रायव्हर आधीच असतात. जुन्या भागांना तिचा चांगला उपयोग होतो.

नाव नसले म्हणून वस्तू टाकाऊ होत नाही. तिचा क्रमांक तेवढा नीट वाचावा. वाचायला तर आपण शिकलोच आहोत!

प्रश्न
१. ड्रायव्हरला दुभाषा का म्हटले आहे?
२. दोन क्रमांकांपैकी पहिला कुणाचा असतो?
३. चार शून्ये दिसली तर काय कराल?