आधी रद्द करण्याचं बटण शोधा

मुलांसाठी शिकण्याचं अ‍ॅप कसं निवडायचं असा विषय निघाला की चर्चा अभ्यासक्रम, चित्रं आणि शिकवणारीचा गोड आवाज इथूनच सुरू होते. माझं म्हणणं उलटं आहे. अ‍ॅप काय शिकवतं ते नंतर बघा. ते पैसे कसे घेतं आणि सोडायचं म्हटलं तर सोडू देतं का, हे आधी बघा. हे कडवट वाटेल, आणि आहेच, कारण हात पोळलेल्या पालकांत मीही आहे. पण राग बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच. ज्या धंद्याची कमाई मूल शिकण्यावर नाही, पालक वर्गणी बंद करायला विसरण्यावर चालते, तो धंदा आपली सगळी हुशारी त्या विसरण्यावरच लावणार. शिकवण्याच्या वाट्याला मग उरलंसुरलं येतं.

ही काही एकट्यादुकट्याची कुरकुर नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांसाठी सूचना काढली होती: ‘मोफत’ म्हणून समोर आलेली सेवा नीट पारखा आणि वर्गणीसाठी खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देणं टाळा. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पडद्यावरच्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ त्यातलाच एक. रद्द करण्याची वाट लपवणं किंवा किचकट करणं तर त्यात आलंच, पण फुकट चाचणीसाठी आधी कार्डाचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची मंजुरी मागणंसुद्धा आलं. म्हणजे सात दिवस फुकट वापरा, पण आधी कार्ड टाका, ही जी सर्रास चाललेली पद्धत आहे, तिला सरकारी कागदावर सापळा हाच शब्द आहे.

तरीही उलट आपल्यालाच ऐकवलं जातं, ‘अटी वाचल्या नव्हत्या का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने त्या अटी स्वतः एकदा वाचाव्यात. बारीक इंग्रजीतली ती लांबण, आणि त्यावर पान भरून हिरवंगार ‘सुरू करा’. नको म्हणायचं असेल तर कोपऱ्यात फिकट करड्या अक्षरात ‘मला मुलाच्या प्रगतीत रस नाही’ अशा थाटाची ओळ. पालकाला लाजवून हो म्हणायला लावणं हाही त्या १३ मधलाच प्रकार आहे. ज्याची मांडणीच वाचू न देण्यासाठी केली आहे ते वाचलं नाही, हा दोष वाचणाऱ्याचा कसा?

पैसे जातात कसे, हे समजून घ्यायला हवं. आपोआप कपातीची मंजुरी देताना एकदा ओटीपी किंवा पिन लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला तो लागत नाही. अ‍ॅपची वर्षाची वर्गणी या मर्यादेत सहज बसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी सूचना यावी लागते आणि ती येतेही, पण कर्ज घ्या, सेल लागलाय या मेसेजांच्या भाऊगर्दीत. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं की वर्गणी थांबली, हा समज सगळ्यात महागात पडतो; ती थांबत नाही. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथेच आपल्या फोटोवर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करायची. कंपनीच्या वेबसाइटवर यूपीआयने दिली असेल तर ती तिथे दिसणारच नाही, यूपीआय अ‍ॅपमधलं ‘ऑटोपे’ उघडावं लागतं. आणि खरेदीआधी ‘मोठ्यांना बोलवा’ म्हणून जे कुलूप असतं, ते बऱ्याचदा तीन साते किती एवढंच विचारतं. अ‍ॅपने पाढे खरोखर शिकवले असतील तर कुलूप मूलच उघडणार!

चांगल्या गोष्टीला पैसे मोजावेच लागतात, हा आक्षेप मला मान्य आहे. मोजा, पण एकरकमी, ठरावीक काळापुरते. मात्र फुकट म्हणजे टाकाऊ हे खरं नाही. ‘फेट’ घ्या. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला आभासी प्रयोगांचा हा उपक्रम ब्राउझरमध्ये विनामूल्य चालतो आणि त्यातले अनेक प्रयोग मराठीतही आहेत. विजेच्या मंडलाच्या प्रयोगात बॅटरी, तारा आणि दिवा मूल स्वतः जोडतं. थेट तारेनेच बॅटरीची दोन टोकं जोडली की पडद्यावर ज्वाळा उठतात. शाब्बासकीचा आवाज नाही, नाणी नाहीत. चुकलं का, ते त्या आगीवरूनच शोधायचं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टींची पुस्तकं आहेत, बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. कार्ड कुणीच मागत नाही. सरकारी ‘दीक्षा’ रटाळ आहे म्हणाल, तर वाद घालणार नाही. शिवाय ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ मध्ये ४९ देशांतल्या शिक्षण-साधनांच्या माहिती गोळा करण्यावर बोट ठेवलं, त्यातून ‘दीक्षा’ही सुटली नव्हती. तेव्हा फुकट असो वा विकत, लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाकारायची. गणिताला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवा?

शिकवण्याची पारख पैशांनंतर, आणि मराठीसाठी ती सोपी आहे. अक्षरओळखीत ‘ल’ आणि ‘श’ काढा. ते हिंदी वळणाचे असतील, ‘ज्ञ’ला आवाज ‘ग्य’ म्हणत असेल आणि ‘ळ’ गायबच असेल, तर हिंदी अ‍ॅपवर मराठी पाटी लावली आहे असं समजा. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले च वेगळे ऐकू येतात का तेही बघा. तारांकनावर विसंबू नका. नवे अभिप्राय आधी, त्यातही एक ताऱ्याचे, वाचा. मुलांसोबत बसा वगैरे सगळे सांगतातच.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर कंपनीच्या चॅटवर झुरत बसू नका. तिथला माणूस तुमच्या परताव्याबद्दल सोडून मुलाच्या भवितव्याबद्दल बोलेल, मग सवलत देईल, मग ‘वरिष्ठांना’ जोडतो म्हणून गायब होईल. स्क्रीनशॉट काढा, बँकेला कळवून मंजुरी रद्द करा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हे शब्द जसेच्या तसे लिहा.