खिडकी कोणी उघडायची?

वसतिगृहातील भांडणे बहुधा क्षुल्लक गोष्टींवरून पेटतात. पंखा, दिवा, गाण्यांचा आवाज! त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र क्षुल्लक नाही. मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) या अमेरिकन विदुषीने तो एका खिडकीच्या उदाहरणाने मांडला. हार्वर्डच्या ग्रंथालयातील एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, तर फॉलेटबाईंना बंद. अखेर शेजारच्या खोलीची खिडकी उघडण्यात आली. तिथे कोणी बसलेले नव्हते. त्या गृहस्थांना मोकळी हवा हवी होती आणि बाईंना अंगावर येणारा उत्तरेचा वारा नको होता, एवढेच!

खिडकी अर्धी उघडली असती तर ती तडजोड झाली असती आणि दोघेही थोडे नाराज राहिले असते. वर्चस्व, तडजोड आणि समन्वय अशा तीन वाटा बाई सांगतात. तिसरी वाट सापडायची, तर समोरच्याला ‘का हवे?’ असे मनापासून विचारावे लागते. हे विचारणे केवळ कौशल्याचे काम नव्हे, त्याला नैतिक बुद्धी लागते.

लॉरेन्स कोलबर्ग यांचा प्रसिद्ध पेच असा: पत्नीचे प्राण वाचविण्यासाठी पतीने न परवडणारे औषध चोरावे काय? कॅरोल गिलिगन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात ११ वर्षांच्या दोन मुलांची उत्तरे शेजारी ठेवली. मुलगा म्हणाला, चोरावे. जीव पैशापेक्षा मोलाचा. मुलगी म्हणाली, चोरू नये. तो तुरुंगात गेला तर पत्नीला कोण पाहील? कर्ज काढावे, बोलून मार्ग काढावा. कोलबर्गच्या मोजपट्टीवर मुलगी मागे पडली. माझ्या मते खिडकीचा तंटा मात्र तिनेच आधी सोडविला असता.

परंतु प्रत्येक तंटा खिडकीचा नसतो. ग्रंथालयात दोघांनाही निर्भयपणे ‘नाही’ म्हणता येत होते. रॅगिंगमध्ये नवख्या विद्यार्थ्याला ते म्हणता येत नाही. अशा वेळी ‘आपसांत मिटवा’ हा वडीलकीचा सल्ला दुबळ्याचे तोंड बंद करतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याने म्हणूनच २ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली. इतकेच नव्हे, तर तक्रारीकडे डोळेझाक करणारा संस्थाप्रमुखही त्या गुन्ह्यास साहाय्य करणारा मानला जातो.